पाचव्या दिवसाचा रकाना

१ मार्च, रविवार

बायकोच्या बस आगारात दरवर्षी फुकट डायऱ्या वाटतात. ही दोन महिने कपाटावर धूळ खात पडली होती. आज काढली, म्हटलं निदान गिऱ्हाइकांना दिलेले वायदे तरी लिहून ठेवू. पण पहिल्याच पानावर वायदे लिहायचं जिवावर आलं, तेव्हा आजचा दिवसच लिहितो.

मी बूट शिवतो. बाबाही शिवायचे. खाली दुकान, वर दोन खोल्या. त्यात मी, बायको आणि आमची साडेचार वर्षांची पोर. घास गिळायचा सोडून गालात साठवून ठेवते, म्हणून सगळे तिला खारू म्हणतात. आई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. इकडे राहायला ये म्हटलं की म्हणते, "तुझ्याकडे चामड्याचा वास येतो." बाबांच्या शेजारी जन्म काढला तेव्हा बाईंना वास आला नाही.

खारूचे लाल बूट आज पुरे झाले. बाबांचं माप कधी चुकलं नाही असं अख्खी गल्ली सांगते, माझंही चुकत नाही हे मी सांगतो. मापात कसलीही जादू नसते. पाऊल कागदावर टेकवायचं, पेन्सिल उभी धरायची, कड काढायची आणि घाई करायची नाही. खारू ते बूट घालून दुपारी तिच्या आईबरोबर तलावावर पोहायला गेली आणि ओल्या पायांवर तेच चढवून परत आली. नव्या चामड्याला पाणी! मी दोघींनाही झापलं. दोघींनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

४ मार्च, बुधवार

खारूला कालपासून ताप. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सर्दीतापाचं औषध दिलं. औषध दिलं की तास-दोन तास उतरतो, परत चढतो. बायकोने आखलेलं बसगाड्यांचं नवं वेळापत्रक याच आठवड्यात लागायचंय, ती सकाळी जाते ती दिवे लागल्यावरच येते. तेव्हा खारू दुकानात माझ्याजवळ, कातड्यांच्या गठ्ठ्यावर चादर टाकून.

६ मार्च, शुक्रवार

ताप आहेच. डोळे लाल झालेत, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेत. अंगावर पुरळ. किरकिर इतकी की कानावर हात ठेवावे.

तरी लाल बूट घालायचा हट्ट. घालायला गेलो तर चढेनात. रविवारी बोट सरकत होतं इतके ऐसपैस होते. मला माझीच शरम वाटली. मग आठवलं, तलावाचं पाणी! ओलं चामडं वाळताना आवळलं. दोन्ही बूट आतून फडक्याने दमट केले, पावलाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर पाऊण माप वाढेल अशी चामड्याची पट्टी चिकटवली आणि बूट त्यावर ताणून ठेवले.

बायको आल्यावर खारूचं पाऊल हातात घेऊन म्हणाली, "पाय सुजलेत का रे हिचे?"

म्हटलं, "चामडं आवळलंय. तुमच्या पोहण्याचे प्रताप."

ती दमली होती. बसल्या जागी झोपली.

७ मार्च, शनिवार

पाचवा दिवस. पुन्हा डॉक्टरांकडे. बूट आता झकास बसले, खारू ते काढायलाच तयार नव्हती, तशीच कडेवर घेऊन गेलो. दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती ऐकली. मग चष्मा वर करून विचारलं, "हाता-पायांना सूज वगैरे?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"नक्की."

ते म्हणाले, सूज दिसली किंवा परवापर्यंत ताप हटला नाही तर लगेच आणा, थांबू नका. बुटाचं मी काही सांगितलं नाही. त्यांना काय करायचंय बुटाचं? शिवाय ते स्वतः माझ्याकडचेच बूट घालतात, बाहेर पाच-सहा माणसं बसली होती. पोरीच्या बुटाचं माप चुकलं म्हणून गावभर झालं असतं.

९ मार्च, सोमवार

आज ताप कमी. शंभराच्या आसपास. खारूने अर्धं केळं गालात भरलं आणि गिळलंही. उद्या-परवा उतरेल. डॉक्टरांकडे गेलो नाही, एका लग्नाचे चार जोड द्यायचे होते ते बसून संपवले.

१२ मार्च, गुरुवार

हे इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय.

आई सकाळी दुकानात आली. खारू बोटांच्या टोकांची कातडी सोलत बसली होती, नखाच्या कडेपासून पापुद्रे निघत होते. मी म्हटलं, "बघ, तापाने कशी साल निघतेय." आईने तिचं बोट उजेडात धरलं. मग खाली वाकली आणि तिचे बूट काढले, मोजे काढले. तिथेही तेच.

आईला मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही. आज ती किंचाळली. "उचल तिला. आत्ताच्या आत्ता उचल!"

"अगं पण—"

"उचल म्हणते ना!"

दुकान उघडंच टाकून निघालो. आईला एवढं काय झालं ते रस्ताभर कळेना. ती पुढे धावत होती, वय वर्षं अडुसष्ट.

१३ मार्च, शुक्रवार

आजाराला नाव आहे. कावासाकी. ऐकून मला आधी मोटारसायकल आठवली आणि हसू आलं, आणि हसल्याबद्दल स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं: लहान मुलांच्या रक्तवाहिन्या आतून सुजतात, आपलंच शरीर त्यांच्यावर उठतं. बाकी सूज जाते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या मात्र कधीकधी कायमच्या बिघडतात. औषध आहे, दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं, सलाइनमधून जातं. ते दहा दिवसांच्या आत द्यायचं, जितकं आधी तितकं बरं. काल दहावाच दिवस होता, रात्री लावलं.

"हातपाय कधीपासून सुजले?" त्यांनी विचारलं.

"कालच दिसलं," मी म्हटलं.

बायको माझ्या शेजारी उभी होती. पहिल्या दिवसापासूनचा ताप तिने वेळेसकट कागदावर मांडला होता, तो कागद तिने पुढे केला. त्यात सूज नव्हती.

१५ मार्च, रविवार

हृदयाची सोनोग्राफी. डावीकडच्या नळीला फुगा आलाय. नळी दोन मिलिमीटरची, फुगा सहाचा.

बाहेर आल्यावर मी बायकोला म्हटलं, "कशाला नेलीस त्या तलावावर? कसलं पाणी असतं देव जाणे." असं बोलायचं ठरवलं नव्हतं, बोलून गेलो. ती तोंड धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही.

२८ मार्च, शनिवार

घरी आणलं. फुगा आता साडेआठ. मी मिलिमीटरवर जगणारा माणूस, बुटात दोन इकडचे तिकडे झाले तर माणूस लंगडतो. पोरीच्या काळजाजवळ साडेसहा जास्त.

आता रोज रक्त पातळ ठेवायची दोन औषधं, ठरल्या वेळी, बहुधा जन्मभर. पळायचं नाही, उड्या नाहीत, पडायचं नाही. फुग्यात गुठळी झाली तर काय, ते डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं. ते मी लिहिणार नाही.

खारूने 'फुगा' एवढंच ऐकलं. "माझ्या आत फुगा आहे? कुठल्या रंगाचा?"

बायको म्हणाली, "लाल."

समोरच्या खिडकीतल्या मुलाला खारूने ओरडून सांगितलं, "माझ्या आत लाल फुगा आहे, तुझ्या नाही!" मी दुकानात खाली गेलो आणि दार लावून रडलो.

२ एप्रिल, गुरुवार

बायको कोपऱ्यावरच्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार करणार आहे. डॉक्टरांचं मंडळ असतं, तिथे. ती बसगाड्या मिनिटावर पळवणारी बाई, तिने कागदावर दहा रकाने आखलेत, एकेका दिवसाचा एक. ताप, डोळे, पुरळ, औषध, कोण काय म्हणालं. संध्याकाळी चहा घेताना तिने मला विचारलं, "पाचव्या दिवशी तू गेला होतास. हातापायांच्या सुजेचं त्यांनी काही विचारलं होतं?"

मी कपात पाहत म्हटलं, "आठवत नाही."

"म्हणजे नाही विचारलं. विचारलं असतं तर तू पाय दाखवला असतास." तिने रकान्यात लिहिलं: सुजेबद्दल विचारलं नाही.

मी थांबवायला हवं होतं. उद्या सांगेन. तक्रारीला इस्पितळाचा शेवटचा अहवाल जोडावा लागतो, तो यायला अवकाश आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

कोपऱ्यावरचे डॉक्टर दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी टाच झिजलेला बूट काऊंटरवर ठेवला, पण टाचेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

"कशी आहे?"

"आहे."

ते खुर्चीत बसले, एका पायात मोजा. तक्रारीचं त्यांच्या कानावर आलंच होतं, गल्लीत काय लपतं? मी वाट पाहत होतो की आता म्हणतील, मी विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात. त्यांच्या कागदावर ते लिहिलेलंही असणार. पण ते म्हणाले, "मी स्वतः मोजा काढून पाहायला हवं होतं. गर्दी होती. शब्दावर विसंबलो."

मी आरी हातात धरून उभा. त्यांची टाच बसवून दिली. ते गेल्यावर पाहिलं तर टाच तिरकी बसली होती. परवा बोलावून पुन्हा करून देईन.

२० एप्रिल, सोमवार

इस्पितळात एक बाई या आजाराचा अभ्यास करतात. एकाच घरात हा जास्त वेळा का दिसतो, हा त्यांचा विषय. त्यांनी आमचं सगळ्यांचं रक्त घेतलं, आईचंही.

त्या म्हणाल्या, "आजार वारशाने येत नाही. आजाराला चटकन पेटणारं शरीर येतं. बाहेरून काहीतरी लागतं, साधा विषाणू असेल, आणि एखाद्याच्या अंगात तो भडका उडवतो, दुसऱ्याच्या अंगात नाही."

मला समजलं. एकाच दुकानातून आणलेल्या दोन कातड्यांतलं एक पाणी ओढून घेतं, दुसऱ्यावरून ओघळून जातं. वरून सारखीच दिसतात.

मग त्यांनी विचारलं, घरात पूर्वी कुठलं मूल तापाने गेलंय का? मी 'नाही' म्हणणार तोच आई म्हणाली, "माझा थोरला."

थोरला भाऊ पाच वर्षांचा असताना गेला, तेव्हा मी वर्षाचा होतो. मला ठाऊक आहे ते एवढंच: आई त्याला माहेरी घेऊन गेली, तिथे तळ्यात डुंबू दिलं, ते पाणी बाधलं. बाबा पुढे कधी आईच्या माहेरची पायरी चढले नाहीत. घरात त्याचं नाव निघालं की बाबा उठून खाली दुकानात जायचे आणि आई भांडी घासायला घ्यायची, घासलेलीसुद्धा.

"ताप किती दिवस होता?" बाईंनी विचारलं.

"अकरा," आई म्हणाली. "आणि बोटांची साल निघाली होती."

परत येताना माझ्या मनात एकच विचार होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. रक्तात असेल तर बरं. रक्तात असेल तर ते होणारच होतं, बूट घट्ट असो की सैल. निकालाला तीन महिने.

१७ मे, रविवार

माळ्यावर फर्मे शोधत होतो, बाबांच्या जुन्या मापवह्या सापडल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. घरच्यांचीही पानं होती. आईचं पाऊल, माझं इवलं पाऊल. आणि थोरल्याचं.

त्याच्या पानावर दोन आकृत्या आहेत, एकीत दुसरी. आतली बारीक, बाहेरची फुगीर, बोटं एकमेकांना चिकटलेली. दोन्हींखाली तारखा आहेत, मध्ये नऊ दिवस. नऊ दिवसांत मुलाचं पाऊल इतकं वाढत नाही, हे बाबांना कळत नव्हतं? बाहेरच्या आकृतीजवळ त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय: 'आधीचं माप चुकलं. पुन्हा घेतलं. जोड सैल केला.'

पुढचं पान कोरं आहे.

दुसरी तारीख तो गेला त्याच्या पाच दिवस आधीची आहे. मी वही मांडीवर ठेवून तिथेच बसून राहिलो. खालून खारू हाका मारत होती, "बाबा, पडलास का?"

तेव्हा औषधही नव्हतं, हे मी स्वतःला सांगतोय. बाबांनी पाय ओळखला असता तरी काय करणार होते? बाबा निर्दोष आहेत. पण मग तळ्याचं काय? तळं त्यांनी कुठून काढलं?

८ जून, सोमवार

आज खारू पळाली. समोरचा मुलगा चेंडू घेऊन आला आणि ती विसरली. बायकोने गल्लीच्या तोंडाशी गाठून उचलली, आणि इतक्या जोरात दंड धरला की पाची बोटं उमटली. औषधाने डाग लगेच काळानिळा पडतो. मग बायकोच ते बघून रडायला लागली आणि खारू तिला म्हणाली, "दुखलं नाही गं, तू रडू नको."

माझ्याशी बायको हल्ली मोजकंच बोलते. तलावाचं मी बोलून गेलो ते तिने मनात ठेवलंय. मी ते परत घेतलेलं नाही. का घेत नाही कोण जाणे.

१४ जुलै, मंगळवार

निकाल.

अभ्यासवाल्या बाईंनी आधी बजावलं की हा न्यायनिवाडा नाही. रक्तातली जी खूण त्या शोधत होत्या ती धडधाकट माणसांतही सापडते. तिने शक्यता वाढते, एवढंच. खारूत ती आहे. माझ्यात आहे. माझ्याकडे ती आईकडून आली. बायकोत नाही.

मी विचारलं, "म्हणजे हे होणारच होतं?" माझा आवाज मलाच लाळघोटा वाटला.

"आजार? कदाचित झालाच असता," त्या म्हणाल्या. "फुग्याचं तसं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी औषध मिळालं असतं तर फुगा बहुतेक आलाच नसता. छातीठोक सांगता येत नाही, पण बहुतेक."

बायको शेजारून म्हणाली, "म्हणून तर तक्रार करायची आहे. एवढं माझ्या कागदावर लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं.

येताना बसमध्ये तिने फाईल छातीशी धरली होती. उतरताना म्हणाली, "आईवडील दोघांच्या सह्या लागतात. गुरुवारी करू. मला अर्धी सुट्टी आहे."

१५ जुलै, बुधवार

आईकडे गेलो. रस्त्यात वाक्यं जुळवत होतो. तिच्या डोक्यावरचं चाळीस वर्षांचं ओझं मी आज उतरवणार होतो.

"आई, तळ्याच्या पाण्याने काही झालं नव्हतं. रक्तातच होतं."

"कुणाच्या?"

ते मी जुळवलं नव्हतं. म्हणालो, "तुझ्या. तुझ्याकडून माझ्यात आलं."

आई हसली. खरोखर हसली, पदर तोंडाला लावून. "म्हणजे शेवटी मीच का? आणि तुझे बाबा बिचारे तळ्यापाशीच थांबले."

मी वहीतलं पान काढून दाखवलं. तिने हातात घेतलं नाही.

"तो कागद मीच धरला होता," ती म्हणाली. "तो पाय टेकवेना, कळवळत होता. मी म्हटलं, अहो, पाय सुजलाय पोराचा. ते म्हणाले, छे, माझंच माप चुकलंय. आयुष्यात एकदाच माप चुकलं म्हणाले, आणि ते चुकलेलं नव्हतं."

"मग तू बोलली का नाहीस? सगळे तुला बोलत होते, तेव्हा?"

तिने खिडकी लोटून घेतली. मग म्हणाली, "मी त्यांना सांभाळून घेतलं असं काही मनात आणू नकोस. मी एवढी चांगली नाही. मी बोलले असते तर ते रडले असते. एकदाच, माझ्यापुढे. मग दोघं मिळून रडलो असतो आणि कधीतरी थांबलो असतो. तेवढं मी होऊ दिलं नाही. ते तळ्याचं नाव घ्यायचे आणि मी गप्प बसायचे. त्यांना ठाऊक होतं मला ठाऊक आहे. चौतीस वर्षं पुढ्यात ताट वाढलं, पण हे सोडलं नाही."

आईने पाणी दिलं. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आल्यापासून तू माझ्या डोळ्याला डोळा दिलेला नाहीस."

मी म्हटलं, "आई, मला तुला एक सांगायचंय—"

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "मी त्या पोरीची आई नाही."

१६ जुलै, गुरुवार

बायको दुपारी आली. जेवणाचं टेबल पुसून तिने कागद मांडले. तक्रार चार पानांची. अक्षर छापल्यासारखं. माझ्या सहीच्या जागी तिने पेन्सिलीने बारीक फुली केली होती. खारू पलीकडच्या खोलीत चित्रं रंगवत होती, दार अर्धं उघडं.

मी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

म्हटलं, "पाचव्या दिवसाचा रकाना चुकलाय."

तिने पान काढलं. "काय चुकलंय?"

"त्यांनी विचारलं होतं."

मग तिने पेनाचं टोपण काढलं. "काय विचारलं? त्यांच्या शब्दांत सांग."

"हाता-पायांना सूज वगैरे?"

ते तिने लिहिलं. "तू काय म्हणालास? तुझ्या शब्दांत."

"नाही म्हणालो. ते म्हणाले नक्की? मी म्हटलं नक्की. आदल्या दिवशी बूट चढत नव्हता. मी तो ताणून सैल केला होता. तू विचारलं होतंस, पाय सुजलेत का. मी तुझ्यावरच ढकललं. डॉक्टरांना बुटाचं सांगितलं नाही, कारण बाहेर माणसं बसली होती, आणि माझं माप चुकलं असं झालं असतं. तलावाचंही मी उगीच बोललो. आणि तू विचारलंस तेव्हा आठवत नाही म्हणालो, तेव्हाही आठवत होतं."

ती लिहीत होती. सगळं लिहिलं, एक शब्द गाळला नाही, रकान्यात मावेना तेव्हा समासात लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चौथ्या दिवशी तिचा पाय माझ्या हातात होता," ती म्हणाली. "माझ्या हातात होता रे. आणि मी झोपले." मग म्हणाली, "तू आता माझ्यासमोरून जा. थोडा वेळ जा."

औषधाची वेळ झाली होती. मी गोळी चमच्यात चुरून पाण्यात कालवली आणि आत गेलो. खारूने तोंड उघडलं, गालात न ठेवता गिळली. मग रंगाची कांडी खाली ठेवून म्हणाली, "बाबा, तू डॉक्टरांना खोटं सांगितलंस?"

"हो."

"माझ्या पायाचं?"

"हो."

"म्हणून मला फुगा आला?"

मी म्हटलं, "बहुतेक."

तिने विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब न जुळल्यासारखं काहीतरी होतं. मग म्हणाली, "शाळेत खोटं बोललं की भिंतीकडे तोंड करून उभं करतात. आमच्या बाई वीस म्हणेपर्यंत. मला वीस येतात."

मी उठलो आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. ती मोजू लागली. तेरा विसरली, मागे गेली, तेरा म्हणून पुढे आली. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बायको दारात येऊन उभी राहिली असावी, मला दिसत नव्हतं.

"वीस. झालं. ये आता."

मला वळता येईना.

"बाबा, झालं ना. वीस झाले."

मी तसाच उभा. तिने थोडी वाट पाहिली. मग तिला वाटलं असावं की वीस पुरले नाहीत, म्हणून तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.